शहाण्णवावं पान

टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर नवं केलं आणि खांबेटेकाकांचं शहाण्णव पानांचं आत्मचरित्र पंच्याण्णववर आलं. तीनदा मोजलं. मग पान गेलं कुठे?

जुन्या प्रिंटशी ओळ न ओळ ताडून पाहिली. एक शब्द गळला नव्हता, फोटोही जागच्या जागी. नव्या सॉफ्टवेअरने ओळी आवळून बसवल्या की काय? उद्या छापायला द्यायचं आणि शेवटचं पान कोरं! माझं डोकंच चालेना. काकांना फोन लावला.

"काका, एक पान रिकामं राहतंय. काय करू?"



"छपाई आठ-आठ पानांची, एका पानापायी आठ वाढवावी लागतील म्हणून तूच एक काढायला लावलंस ना?"

"कुठलं हो?"

"हिच्यावरचं. थांब, घेऊन येतो. खिशातच आहे."