एकवीसचं ॲव्हरेज

"एकवीस," पंपावरची पावती बॉनेटवर धरून भागाकार करत गिरीश म्हणाला. "गॅलनला एकवीस मैल. पंचवीस तरी पडायला हवं होतं."

मंजिरी पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून होती. मांडीवर आर्याचं अर्धं सँडविच. नॉटिंगहॅम सोडून तीन तास झाले होते, एडिनबरा अजून जवळजवळ तेवढंच लांब होतं.

"वारा समोरचा असेल," ती म्हणाली.

"वारा कुठाय आज?" तो मागे गेला. पिकअपला जोडलेल्या कॅरॅव्हॅनच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, टायरमधली हवा बघितली. ब्रेक घासतायत का, म्हणून चाकांना हात लावून बघितला. "पन्नासच्या वर गेलो नाही मी. काय गं, मागे कुणाला लपवून आणलंयस का?" आणि स्वतःच हसला.

"आपली कॅरॅव्हॅन दमली का, बाबा?" मागच्या सीटवरून चार वर्षांच्या आर्याने विचारलं.

मंजिरीला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. गेलं वर्षभर तिला धड काही वाटतच नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपणच आपला चावला तरी कळत नाही, तसं. भांडण असं दोघांत कधी झालंच नव्हतं. गिरीश हॉस्पिटलातून यायचा, जेवायचा, गाडीने किती ॲव्हरेज दिलं ते सांगायचा. वाईट नव्हता. आर्याला ताप आला की तासातासाला थर्मामीटर लावायचा. बायकोला काय होतंय, ते मोजायला त्याच्याकडे काही नव्हतं.

सुट्टी चार दिवसांची ठरली होती. पण एडिनबरात तिच्या मैत्रिणीने, वीणाने, फ्लॅटमधली मागची खोली रिकामी करून ठेवली होती. सोमवारपासून तिथल्या लॅबमध्ये मंजिरीची नोकरी सुरू होत होती. शेवटच्या सकाळी ती गिरीशला सांगणार होती, आर्या आणि मी इथेच राहतोय. कॅरॅव्हॅनच्या मागच्या बेडखाली तिने पुस्तकांची खोकी भरली होती. आर्याचे थंडीचे कपडे, कुकर, आईने विमानातून हट्टाने आणलेला दगडी खलबत्ता. एवढ्या मोठ्या धुडात कुणाला काय कळणार, असं तिला वाटलं होतं. माणसाला कळलंही नसतं. डिझेलला कळलं.

गिरीशने कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. बेडची फळी उचलल्याचा आवाज झाला. आर्याने सँडविच मागितलं, मंजिरीने ते दिलं. मागे एक खोकं सरकल्यासारखं वाटलं. मग दुसरं. मग बराच वेळ काही ना काही सरकत राहिलं.

तो परत आला. हात पँटला पुसले, सीटचा पट्टा लावला, गाडी सुरू केली. गाडी हमरस्त्याला लागली.

"जड सामान मागच्या टोकाला ठेवायचं नसतं," समोर बघतच तो म्हणाला. "कॅरॅव्हॅन झोके खाते. सगळं बरोबर चाकांच्या वर आणलंय. खलबत्ता स्वेटरांत गुंडाळलाय, कुकरवर आपटत होता."

"गिरीश..."

"तुम्हाला नीट पोचवतो मी."

एक लॉरी त्यांना मागे टाकून गेली, मग आणखी एक. त्याने वेग पन्नासवरून पंचेचाळीसवर आणला. आर्या मागे झोपली होती. मंजिरी त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत राहिली.

"परतताना सव्वीससुद्धा पडेल," तो म्हणाला. "एकटाच असेन ना."