वरच्या टोकाची पन्हळ

पाणी खोटं बोलत नाही, असं मी इंजिनियर म्हणून वीस वर्षं सांगत आलो. मग लिंबायतला मालतीबाईंच्या छपरावर चढलो.

खाली त्यांचे चार यंत्रमाग. कापडाचा आणखी एक ताका भिजला, तर शेठ काम काढून घेणार होता. म्हणून भटू मिस्त्रीनं नवे पत्रे टाकले, दहा फुटांना एक फूट उतार देऊन. पाण्याच्या नळीनं आम्ही तो तीनदा मोजला. बरोबर होता.

भटूनं खालच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतलं. ते सावकाश वर चढलं.

"भाऊ, पानी वर जाई राह्यनं," तो हळूच म्हणाला.

"मग पन्हळ वर लावा," खालून मालतीबाई म्हणाल्या.

लावली. अख्ख्या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही.