शनिवारची बाई

"आता सगली गप बसा," हेतल म्हणाली, आणि तिसरीचा वर्ग खरोखरच गप बसला.

तिने ओढणीचा पदर करून कमरेला खोचला होता. दर शनिवारी दप्तराला सुट्टी असायची आणि वर्गातलं एक मूल बाई व्हायचं. खऱ्या बाई मग त्या मुलाच्या जागेवर जाऊन बसायच्या. ही टूम रमाबाईंनीच काढली होती, आणि पनवेलच्या शिक्षकांमध्ये तिचं कौतुकही झालं होतं. आज मात्र हेतलच्या बाकावर गुडघे आखडून बसलेल्या रमाबाईंना स्वतःच्या अकलेची कीव येत होती.

कारण बुधवारी त्यांनी हेतलला मारलं होतं.

एकच थप्पड, पण गालावर. सकाळपासून फोन खणखणत होता, वरून कसली तरी माहिती आजच्या आज हवी होती. त्यात हेतल पाढ्यात अडली आणि बाईंचा हात उठला. असं याआधी कधी झालं नव्हतं, मुलांवर त्यांनी कधी हात उचलला नव्हता. हेतल रडली नाही. ती रडली असती तर बाईंनी तिला जवळ तरी घेतलं असतं.

गुरुवारी त्यांनी तिला घंटा वाजवायला पाठवलं. शुक्रवारी खिचडीचा पहिला डाव तिच्या ताटात वाढला. लाचच म्हणायची ती. हेतलने घंटा वाजवली, खिचडी खाल्ली, पण बाईंच्या टेबलाजवळ काही फिरकली नाही. घरी सांगितलंय की नाही, तेही तिच्या चेहऱ्यावरून कळेना. माफी मागावी असं बाईंच्या ओठांवर दोनदा आलं. पण उद्या चौकशी लागली तर तीच कबुली ठरेल, म्हणून त्यांनी ते गिळलं. आज सकाळी कामोठ्याहून निघण्याआधी 'ताप आलाय' असा निरोपही टाइप करून झाला होता. मग पुसला. महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे पालक वर्ग बघायला येणार, आणि तिसरीला दुसऱ्या बाई नव्हत्या.

पालक आलेही. मागच्या भिंतीशी आया बसल्या होत्या, आणि मधोमध खुर्चीत हेतलचे आजोबा, दाजी. जमीन विकून दाजींनी इमारती उभ्या केल्या, पांढरी गाडी दारात आणली, पण नातीला हट्टाने गावच्याच शाळेत घातलं. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. पुढच्या महिन्यात रमाबाईंची नोकरी कायम व्हायची होती. दाजींनी एक कागद वर पाठवला की ती कायमची गेलीच.

आणि मुलं नक्कल करण्यात एक नंबर. मागच्या शनिवारी प्रणितने कानाला डस्टर लावून "हो सर, पाठवते सर" केलं होतं, तेव्हा बाई पोट धरून हसल्या होत्या. आज हेतल कसली नक्कल करणार, याचाच त्यांना घोर लागला होता.

हेतलने हजेरी घेतली. एकाला उगीचच नखं दाखवायला लावली. मुलं खुसखुसत होती. मग तिची नजर स्वतःच्याच बाकावर येऊन थांबली.

"रमा, उठ."

आया पदराआड हसल्या. दाजी खुर्चीत पुढे सरकून बसले. "हां, इचार बायला, इचार!"

रमाबाई उठल्या.

"सात आठे?"

बुधवारचाच प्रश्न! म्हणजे ही पोर काही विसरलेली नव्हती. इतकी वर्षं शिकवलेलं, झोपेत विचारलं तरी सांगता येईल असं उत्तर, पण ते आठवेना. त्यांनी दाजींकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"अठ्ठेचाळीस," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"चुकलं! बाई चुकल्या!" वर्ग उसळला. दाजी मांडीवर थाप मारून खदखदून हसले. बाई मुद्दामच चुकल्या असणार, असंच सगळ्या पालकांना वाटलं.

हेतल मात्र हसली नाही. तिने खडू टेबलावर ठेवला आणि ती बाकांमधल्या वाटेने चालत येऊ लागली. बुधवारी बाई आल्या होत्या तशीच, त्याच वाटेने. एकेक करत मुलं गप्प झाली. पुढे काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या बाकावरच्या सईने तर तोंड फिरवून घेतलं.

बाईंना वाटलं, आत्ता हिला थांबवावं. खेळ संपला म्हणावं, घंटा वाजवावी, काहीही करावं. पण तोवर हेतल समोर येऊन थांबली आणि तिने हात वर उचलला.

रमाबाईंनी डोळे गच्च मिटले. त्यांचे दोन्ही हात आपोआप गालांवर गेले, आणि एवढी मोठी बाई सगळ्यांदेखत अंग चोरून खाली बसली.

मागे दाजींचं हसू थांबलं. भिंतीशी बसलेल्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीही काही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं.

तो इवलासा हात बाईंच्या केसांवर टेकला, आणि हळूच फिरला.

"भिऊ नको गं रमा," हेतल म्हणाली. "शनवारची बाई मारत नाय."