होकार

न्यांचामा म्हातारी पहाटे वाट चुकून शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरली, आणि त्याच दिवशी त्याचं वासरू मेलं. गुसी टेकडीवर अख्खं गाव जमलं. "चेटकीण नाही हो ती, विसरण्याचा आजार आहे," नर्स असलेली तिची लेक बोसिबोरी डॉक्टरांचा कागद दाखवून विनवत होती. गावप्रमुखांनी म्हातारीलाच विचारलं, "वासरू तू मारलंस?" "होय," ती गोड हसली. बोसिबोरी पुढे झाली. आईच्या आठवणीतून आधी नावं गेली, मग वाटा. महिन्यापूर्वी कुणी 'चेटकीण' म्हणताच आईनं काठी उगारली होती. आज तिला प्रश्नच कळत नव्हता. "अहो, ती कशालाही होयच म्हणते! बघा. आई, तू पुरुष आहेस ना?" "होय." कुणीच हसलं नाही. लोक चार पावलं मागे सरले. "ऐकलंत? रूपही बदलते ही!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. त्यालाही म्हातारीनं प्रेमानं मान डोलावली.