शकूच्या खोलीचं दार

नंदाखाल गावातल्या शकूच्या आळीत कोणीही कोणाच्या घरात सरळ आत शिरतं. शकूचा दुपारी जरा डोळा लागला, की शेजारच्या वसुंधराकाकी थेट तिच्या उशाशी येऊन गप्पा सुरू करायच्या. शेवटी तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "मला झोपायच्या खोलीला कडी लागणारं दार पाहिजे."

शत्रुघ्नने वाडीतल्या जुन्या फणसाच्या फळ्यांना स्वतः रंधा मारला, त्या जोडल्या आणि दार बिजागऱ्यांवर असं चढवलं, की एका बोटाने ढकललं तरी ते आवाज न करता लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसुंधराकाकी अख्खी आळी घेऊन हजर. "शत्रुघ्ना, परत एकदा लावून दाखव रे!"

"तुम्हीच ढकला ना काकी. एकाच बोटाने हां!" तो खुलला होता. "शकू, ऊठ गं, चहा टाक सगळ्यांना."

आठवडा उलटला, तरी दार बघायला येणारे काही थांबेनात.



आता जेवणं आटोपली, की शकू उशी काखेत मारून वसुंधराकाकींच्या घरी जाते आणि मस्त ताणून देते. तिथे खोलीला दार नाही, पण त्या वेळी घरात चिटपाखरूही नसतं.