अण्णांचं तिकीट

"अण्णा, वस्तीला पाण्याची टाकी हवी आणि बिल्डरला तीच जागा हवी. तुम्ही दोघांनाही चहा पाजलात. टाकी कुठंय?"

पक्षाच्या कचेरीत सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांच्या माना बोलणारीकडे वळल्या. नगरसेवक दिगंबरअण्णा सोनटक्क्यांच्या तिकिटाकडे आजवर कुणी डोळा वर करून पाहिलं नव्हतं. यंदा प्रणिता नावाच्या या तरुण वकिलिणीने ते मागितलं आणि पक्षाने निवड वॉर्डातल्या सभासदांवर सोडली.

"अगं, त्यांची बायको जाऊन वर्ष नाही झालं. जरा बेतानं," मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा मात्र मान वर करून ऐकत होते. सभेहून परतले की शालिनी चपलाही काढू द्यायची नाही. दारातच फैलावर घ्यायची, "पुन्हा दोघांनाही हो म्हणून आलात ना?" ती गेल्यापासून घरीदारी सगळे त्यांच्याशी हळू बोलत. ते म्हणतील त्याला माना डोलावत.

मतदानात हात वर झाले ते बहुतेक सगळे प्रणितासाठी. अण्णांनी स्वतः उठून तिला हार घातला, तशी ती वरमली.

"अण्णा, फार लागेल असं बोलले का?"

"बोललीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी घरी ये. वॉर्डाचं सगळं समजावून देतो. आणि माझं जे जे चुकलं, ते तिथं पुन्हा सांग. अस्संच, मोठ्यानं. घर फार शांत झालंय गं."