दरसाल बोटभर

६ ऑक्टोबर २०२५, सकाळचे अकरा. दहा मिनिटांत ४,९०२ कण.

त्र्यंबकरावांनी आकडा वहीत लिहिला. कुसगावच्या महाविद्यालयातील हे कणशोधक यंत्र त्यांनीच २०१६ साली जुळवले होते. मीटरभर लांबीच्या दोन पट्ट्या, एकावर एक, आणि उजेड शिरू नये म्हणून वरून काळे कापड. आकाशातून येणारा कण दोन्हींतून आरपार गेला, तरच तो मोजला जाई. तेव्हाचा आकडा होता ६,०१२. दर दसऱ्यानंतर चाचणी होई आणि दरवर्षी तो दोन टक्क्यांनी घसरे. पाच हजारांखाली गेल्यास यंत्र भंगारात, हा नियमही त्यांचाच होता.

विभागप्रमुख अरुंधतीबाई भंगाराचा अर्ज घेऊन उभ्या होत्या. कारण काय लिहू, असे त्यांनी विचारले. व्होल्टेज, तारा, जोडण्या, सर्व दोनदा तपासून झाले होते.

"वार्धक्य," त्र्यंबकराव म्हणाले. "इतकी सरळ उतरती रेघ दुसऱ्या कशाची नसते. माझ्या गुडघ्यांचीही अशीच आहे."

त्यांनी सहीसाठी पेन उघडले. फरशी पुसणाऱ्या भागूबाईंचा हात थांबला. पवनानगरहून जीपने येऊन त्या नऊ वर्षे ही खोली सांभाळत होत्या. खंडेनवमीला यंत्राची पूजाही त्याच करीत. दोन्ही पट्ट्यांना कुंकू लावलं, तरी हे असं कसं झालं, असे त्या पुटपुटल्या.

खालची पट्टी तर वरचीखाली पूर्ण झाकलेली असते, असे त्र्यंबकरावांनी निदर्शनास आणले.

"वरची सरकवते की बोटभर, दरसाल. जुन्या कुंकवावर नवं कसं लावायचं, आबा?"

अरुंधतीबाईंनी भिंतीवरची पाटी पाहिली. ‘काळे कापड कोणीही उचलू नये.’ खाली त्र्यंबकरावांची सही. त्र्यंबकरावांनी स्वतःही ती सूचना नऊ वर्षे काटेकोर पाळली होती.

"म्या बी न्हाई उचललं," भागूबाई म्हणाल्या. "खालनं हात घातला."

वीजपुरवठा बंद करून कापड काढले गेले. खालच्या पट्टीवर कुंकवाचे नऊ ठिपके होते, एका रांगेत. त्र्यंबकरावांनी फूटपट्टी लावली. अंतरांत दोन मिलिमीटरांहून अधिक फरक कुठेच नव्हता. वहीतल्या आलेखापेक्षा हे काम सुबक होते.

वरची पट्टी अठरा सेंटिमीटर मागे सरकवली, तेव्हा ती पुन्हा खालच्या पट्टीवर नेमकी बसली. कापड पूर्ववत झाले, मोजणी सुरू झाली. दहा मिनिटे भरली. मग त्र्यंबकराव गुडघ्यांना हात न लावता उठले आणि अर्जातील कारणाच्या रकान्यावर काट मारून त्यांनी वहीत नोंद केली.

५,९८७ कण. नऊ वर्षांतील झीज ०.४ टक्के.